भाचीला नर्सिंगला जायचंय आणि घरात सगळ्यांची तोंडं वाकडी

तलावपाळी

बारावीचा निकाल लागला आणि खारीगावात ताईच्या घरी वातावरण तापलंय. भाचीला पीसीबीला चांगले मार्क आहेत. भावोजींनी बीफार्म, बीएचएमएस, गेला बाजार मायक्रोबायोलॉजी अशी यादी तयार ठेवली होती. पोरगी म्हणाली, मी बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिलीय, मला तेच करायचंय.

भावोजींचं पहिलं वाक्य: "लोकांचं हगमूत काढायला शिकवलं का तुला?" त्यावर ताई: "आणि स्थळं येतील तेव्हा काय सांगायचं?" आजी एवढंच म्हणाली, "रात्रपाळी असते गं त्यात."

गंमत म्हणजे आजोबा आजारी होते तेव्हा हेच भावोजी वॉर्डात सिस्टरांच्या मागेपुढे करत होते. डिस्चार्जच्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन गेले होते. म्हणजे दुसऱ्याच्या मुलीने केलं तर देवदूत, आपल्या मुलीने केलं तर नाक कापलं.

कॉलेजं, फी, जर्मनीला किती पगार मिळतो हे नको. ते भाचीला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हा पेशा आला कुठून, त्याचा स्वतःचा काही विचार आहे का, मूल्यं कोणती, डॉक्टरच्या हाताखालचा माणूस यापलीकडे नर्स म्हणजे कोण, हे सांगा. रविवारी ताईकडे जेवायला जायचंय. भावोजींशी वाद घालायला मुद्दे हवेत. भावनिक नकोत, बँकेत होते ते.

अर्धवट

पहिला मुद्दा माझ्याकडून. भावोजींना एक रात्र जनरल वॉर्डात पेशंटजवळ बसवा. बिनहाताच्या स्टुलावर. बाकी वाद सकाळी.

पारसिक

"हगमूत" हे भावोजींचं एकट्याचं नाही. त्यामागे जुना हिशेब आहे, तो आधी समजून घ्या म्हणजे रविवारी सोपं जाईल.

आपल्याकडे आजाऱ्याची शुश्रूषा घरातल्या बाईने करायची, आणि ती फुकट. घराबाहेर रक्त, वार, मलमूत्र यांना हात लावायचं काम जातीने वाटून दिलेलं. बाळंतीण वाचवणारी सुईण घराला हवी, पण बारशाच्या पंगतीत नको. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे इस्पितळं निघाली (जेजे १८४५चं, पुण्याचं ससून १८६७चं) तेव्हा 'चांगल्या घरातली' मुलगी तिथे काम करायला जाण्याचा प्रश्नच नव्हता. सुरुवातीच्या नर्सेस बऱ्याचशा युरोपियन, अँग्लो-इंडियन, मग ख्रिस्ती झालेल्या मुली. मिशनची इस्पितळं, जसं आपलं मिरजेचं वानलेसांचं (१८९४), तिथे ही वाट आधी मोकळी झाली. मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल १८८६ला सुरू झालं, पेस्तनजी होरमसजी कामांच्या देणगीतून. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय बाई म्हणून काशीबाई गणपत हे नाव येतं, साल १८९१. भाचीला विचारा, पहिल्या वर्षाला पाठ करावं लागेल.

आता भावोजींसाठी खास. रमाबाई रानडे. पुण्याचं सेवासदन १९०९चं. त्यांनी ससूनमध्ये मुलींच्या, त्यातही विधवांच्या नर्सिंग प्रशिक्षणाची सोय करून घेतली. न्यायमूर्तींची बायको, सदाशिव-नारायण पेठेतल्या घरांशी बोलतेय की तुमची सून इस्पितळात पाठवा, परक्या पुरुषाच्या जखमा धुवायला. लोक काय बोलले असतील याची कल्पना करा. तुमच्या भावोजींचा आक्षेप शंभर वर्षांचा झालाय आणि त्याचं उत्तरही तेव्हाच पुण्यात देऊन झालंय.

त्याच्याही आधी, १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई फुले. मुलगा यशवंत डॉक्टर, त्याने पुण्याबाहेर ससाणे मळ्यात दवाखाना काढला. सावित्रीबाई रोगी आणत होत्या, त्यांचं करत होत्या, त्यातच लागण झाली आणि १० मार्चला गेल्या. शिक्षिका म्हणून आपण त्यांना ओळखतो, शेवटचं काम मात्र हे होतं.

ज्या कामाकडे समाज नाक मुरडतो त्याला माणसं मिळत नाहीत, हे बँकेतल्या माणसाला आकड्यात सांगा. स्वातंत्र्याच्या तोंडावर भोर समितीने (१९४३ ते ४६) देशाच्या आरोग्याची पाहणी केली तेव्हा साधारण ४३,००० लोकांमागे एक नर्स होती.

घोडबंदरवाली

वाचतेय. नाइटिंगेलबद्दल कोणी लिहा ना, दिवा घेऊन फिरायची यापलीकडे काही आठवत नाही शाळेतलं.

नाइटड्युटी

नवी मुंबईत खाजगी हॉस्पिटलला आहे, सर्जिकल वॉर्ड. ड्युटी संपवून वाशी-ठाणे लोकलमध्ये बसून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

त्या दिव्याचा मला वैताग आहे. १२ मे (तिचा जन्मदिवस, परिचारिका दिन) आला की प्रत्येक हॉस्पिटलात मेणबत्त्या, गुलाब, 'सेवेची मूर्ती'. दिवा घेऊन फिरणं हे तिच्या कामातलं सगळ्यात साधं काम. क्रिमियाच्या युद्धात, १८५४च्या नोव्हेंबरात, ती ३८ बायका घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचली. जखमांपेक्षा जुलाब, कॉलरा, टायफसने सैनिक मरत होते. आणि ती आल्यावर लगेच मरणं थांबली नाहीत! १८५५च्या फेब्रुवारीत मृत्यूचं प्रमाण शंभरात ४२च्या आसपास होतं. मार्चमध्ये आरोग्य आयोग आला, इमारतीखालची तुंबलेली गटारं साफ केली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत ते २च्या आसपास आलं. परत गेल्यावर तिने हे सगळे आकडे मांडले, विल्यम फार या आकडेतज्ज्ञाबरोबर बसून वर्तुळातले रंगीत आलेख काढले आणि सरकारच्या तोंडावर मारले. १८५८ला लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने (पुढची रॉयल) तिला सभासद करून घेतलं, पहिली बाई. १८६०ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात शाळा काढली.

तिच्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मधला मला सगळ्यात पटलेला भाग औषधांबद्दल नाहीच आहे. ती म्हणते, तू हजर असताना जे होतं ते तू नसतानाही व्हायला हवं, अशी व्यवस्था लावणं म्हणजे नर्सिंग. आम्ही रोज पावणेआठला उभ्या उभ्या 'ओव्हर' (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती) देतो ना, तेच ते. तिने त्याला धडा दिलाय आख्खा.

आता भावोजींच्या प्रश्नाचं. परवा रात्री पोटाचं ऑपरेशन झालेला एक पेशंट होता, पन्नाशीचा. अकराला पल्स ८४, बीपी छान. साडेबाराला ९६. मॉनिटर काही ओरडत नव्हता. दीडला गेले तर हा सारखी चादर काढतोय, कूस बदलतोय, बायको म्हणाली झोप येत नाहीये, झोपेची गोळी द्या. पल्स ११०. बीपी अजून नॉर्मलच. पण हात गार, आणि लघवीच्या पिशवीत दोन तासांत तीस एमएलसुद्धा नाही. ड्रेन (पोटात ठेवलेली नळी) कोरडा. आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर, नवीन, म्हणाला बीपी ओके आहे ना सिस्टर, दुखत असेल, पेनकिलर द्या. मी म्हटलं सर, येऊन बघा, आणि सर्जनना तुम्ही फोन करताय की मी करू? चारला पेशंट परत ओटीत. आत रक्तस्राव होत होता.

बीपी शेवटी पडतं. आधी माणूस अस्वस्थ होतो. झोपेची गोळी दिली असती तर सकाळपर्यंत शांत पडून राहिला असता, कायमचा. हे कोणी ऑर्डर देऊन होत नाही. बघणारं माणूस लागतं आणि जे बघितलं त्यावर अडून बसायची हिंमत लागते. हगमूत काढतो आम्ही, हो. त्या लघवीच्या तीस एमएलनेच तो वाचला, एवढं सांगा त्यांना.

पारसिक

वा! याला म्हणतात मुद्दा.

थोडं अवांतर. त्या पुस्तकात पेशंटला भेटायला येणाऱ्यांवर पण एक धडा आहे. "काही होत नाही, लवकर बरे व्हाल" असं म्हणत फुकटचे सल्ले देणाऱ्यांना तिने सोलून काढलंय. बाई भारतात कधी आली नाही, पण शहाळी घेऊन येणारे आपले नातेवाईक तिला नीट माहीत होते असं वाटतं.

आणि तिचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. नर्सेसची सरकारी नोंदणी व्हावी म्हणून इथेल बेडफोर्ड फेन्विक या इंग्लिश नर्सने चळवळ केली तेव्हा नाइटिंगेल विरोधात होती. चांगुलपणा परीक्षेत मोजता येत नाही, असं तिचं म्हणणं. न्यूझीलंडने १९०१ला कायदा केला, इंग्लंडमध्ये तो व्हायला १९१९ उजाडलं. मेरी सीकोल नावाची जमैकाची बाई त्याच युद्धात स्वतःच्या पैशाने गेली होती, तिला कित्येक दशकं कोणी विचारलं नाही.

डॉ_कोपरी

नाइटड्युटी यांचा प्रतिसाद आवडला. पंचवीसेक वर्षं प्रॅक्टिस करतोय, अनुभवी सिस्टरने "सर, पेशंट बरा दिसत नाही" म्हटलं की मी जेवणावरून उठतो.

तरी एक बाजू मांडतो. शेवटी कायदेशीर जबाबदारी डॉक्टरची असते. प्रत्येक जण आपलं डोकं चालवायला लागला तर वॉर्ड चालणार नाही. नर्सिंगच्या मुली दीपप्रज्वलनाच्या वेळी जी नाइटिंगेल प्रतिज्ञा घेतात तिच्यातही डॉक्टरला निष्ठेने साथ देईन असंच आहे. टीमवर्क म्हणजे कोणीतरी कॅप्टन लागतोच. भाचीने हे लक्षात घेऊनच यावं, नाहीतर निराशा होईल.

जुनी_मेट्रन

डॉक्टरसाहेब, नमस्कार. सरकारी नोकरीत स्टाफ नर्स म्हणून लागले, परिसेविका झाले, अधिसेविका म्हणून निवृत्त झाले. आता ठाण्यातच असते. सहसा नुसती वाचते, पण तुम्ही प्रतिज्ञा काढलीत म्हणून लिहिणं भाग आहे.

ती प्रतिज्ञा नाइटिंगेलबाईंची नाही. १८९३ला अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका नर्सिंग शाळेत लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीने ती लिहिली आणि नाइटिंगेलबाईंचं नाव दिलं. त्या काळाला शोभेल अशीच आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद १८९९ची. तिने १९५३ला आचारसंहिता काढली, तिच्या आवृत्त्या होत गेल्या, अलीकडची २०२१ची. आज त्या संहितेत परिचारिकेची पहिली बांधिलकी कोणाशी आहे? रुग्णाशी. डॉक्टरांशी नाही, हॉस्पिटलशी नाही, पगार देणाऱ्याशीही नाही. डॉक्टरांबरोबर काम करायचं, मान ठेवायचा, पण ऑर्डर चुकीची असेल तर 'सरांनी सांगितलं म्हणून दिलं' हा बचाव नाही.

उदाहरण देते. घाईत कोणी सांगितलं की पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल डायरेक्ट शिरेत ढकला. ढकललं तर हृदय तिथल्या तिथे बंद पडू शकतं. ते पातळ करून सलाईनमधून सावकाश जायला हवं, हे विद्यार्थिनीला माहीत असतं. अशा वेळी तिने हात मागे घेतला पाहिजे, आणि लेखी ऑर्डर मागितली पाहिजे, आणि लेखी आली तरी द्यायचं नाही. माझ्या मुलींना मी हेच शिकवलं. एकदा एका मोठ्या डॉक्टरांनी त्यावरून मला सगळ्या राऊंडदेखत झापलं. मुलगी थरथरत होती. मी तिला त्या संध्याकाळी चहाला बोलावलं, बस.

कॅप्टनचं म्हणाल तर, राऊंड संपला की तुम्ही जाता. चोवीस तासांपैकी रुग्णाजवळ डॉक्टर किती मिनिटं असतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. उरलेल्या वेळाची जबाबदारी आमची. ती उसनी नसते.

तलावपाळी, तुम्ही विचार काय आहे असं विचारलंत. व्हर्जिनिया हेंडरसन यांची व्याख्या आम्ही शिकवायचो आणि मला आजही ती पुरते. माणसाकडे ताकद, इच्छा आणि माहिती असती तर तो स्वतःचं जे स्वतः करून घेता, ते त्याच्यासाठी करायचं, आणि असं करायचं की लवकरात लवकर तो पुन्हा स्वतः करू लागेल. बरं होणार नसेल तर शांतपणे मरायलाही मदत करायची. श्वास घेणं, खाणं-पिणं, शी-शू, हालचाल, झोप, कपडे, स्वच्छता, अशा चौदा गरजा त्यांनी मांडल्या. देवधर्म आणि करमणूकसुद्धा त्यात आहे. बघा, डायपर बदलणं आणि पूजेला फूल आणून देणं एकाच यादीत.

पहिल्या वर्षाच्या मुलीला आम्ही काय शिकवायचो सांगते. बेडबाथ. बाहेरून बघणाऱ्याला आंघोळ वाटते. पाणी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. पडदा ओढायचा, पंखा बंद. रुग्ण बेशुद्ध असला तरी नाव घेऊन सांगायचं की आता उजवा हात पुसते. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी अंग झाकलेलं. डोळे आतल्या कोपऱ्याकडून बाहेर. आणि हे करताना नजर चालू: कातडी कोरडी आहे का, पायाला सूज, बोटांमध्ये भेगा, पाठीला लाली, श्वास मोजून घ्यायचा त्याला कळू न देता. शेवटी पाठ. माकडहाडावर लाल दिसलं की बोटाने दाबायचं. बोट काढल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर वेळ आहे. लालच राहिलं तर बेडसोअरची (पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची) सुरुवात झाली. पंधरा-वीस मिनिटांत हे सगळं. याला भावोजी हगमूत म्हणतात, म्हणोत.

केईएमच्या अरुणा शानबाग आमच्याच क्षेत्रातल्या. १९७३च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर हल्ला झाला, १८ मे २०१५ला गेल्या. मधली एकेचाळीस वर्षं केईएमच्या नर्सेसनी केलं. ज्यांनी त्यांना कधी चालताना पाहिलं नव्हतं अशा मुलींनीही केलं, कारण आधीच्या पाळीने ओव्हर दिला होता. दयामरणाची याचिका सुप्रीम कोर्टात गेली तेव्हा, ७ मार्च २०११च्या निकालात, कोर्टाने त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क याचिकाकर्तीचा नाही तर केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. इतकी वर्षं अंथरुणावर असून अंगावर बेडसोअर नाही, याची दखल घेतली. त्यांचं जगणं लांबवणं योग्य होतं का, यावर आम्हा नर्सेसमध्येही मतं वेगळी होती, माझंही ठाम नव्हतं. पण त्या अंथरुणाजवळ रोज उभं राहणाऱ्यांना कोर्टाने विचारलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

घोडबंदरवाली

मेट्रनबाई, दंडवत.

डॉ_कोपरी

मान्य. 'उसनी नसते' हे लक्षात ठेवीन. पोटॅशियमच्या उदाहरणावर माझी काही तक्रार नाही, असणंही शक्य नाही.

कॅप्टनवर मात्र मी अजून ठाम आहे. 😀

बेलापूर_लोकल

विषयाला धरून आहे म्हणून इथेच विचारतो. आई चार महिने अंथरुणाला खिळलेली, नेरुळला आम्ही दोघंच. ब्युरोकडून बारा तासांची 'सिस्टर' येते. मायाळू आहे, पण ती शिकलेली नर्स नाही हे आज वाचताना लख्ख कळलं. रोज आईच्या पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावते आणि खाली हवा भरलेली रबरी रिंग ठेवते. मेट्रनबाईंनी लिहिलं तसं बोटाने दाबून पाहिलं. लालच राहतंय. काय करू?

नाइटड्युटी

दादा, आज रात्रीपासून. चोळणं बंद. लाल झालेल्या हाडावर चोळलं की आतलं मांस आणखी फाटतं. स्पिरिटने कातडी कोरडी पडते. हे जुन्या काळी शिकवायचे, आता नाही. रिंग पण काढा, तिच्या कडेचा दाब गोल रक्तपुरवठा तोडतो.

दर दोन तासांनी कूस. पूर्ण कुशीवर आडवं नको, पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं, म्हणजे वजन ना माकडहाडावर ना खुब्यावर. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. वर सरकवताना ओढू नका, कमरेखाली दुमडलेली चादर घालून दोघांनी उचला. खाण्यात डाळ, अंडं, दूध, पनीर, चालत असेल ते (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून). वेळेचा कागद भिंतीला लावा, प्रत्येक वेळी कुठल्या कुशीवर ते लिहायचं. आणि दोन दिवसांत डॉक्टरना पाठ दाखवा. कातडी उघडली असेल किंवा काळी पडली असेल तर उद्याच.

त्या बाईला रागावू नका. तिला कोणी शिकवलंच नाही. महिन्याला तुम्ही ब्युरोला देता त्यातलं तिच्या हातात किती पडतं विचारा एकदा.

बेलापूर_लोकल

खूप आभार. कागद लावला. तिला वाचून दाखवलं, ती म्हणाली मागच्या घरी अशीच पद्धत होती. किडनीचं विचारून घेतो.

ऐरोलीकर

सगळं छान चाललंय म्हणून जरा मिठाचा खडा टाकतो. बायको खाजगीत नर्स आहे, म्हणून अधिकाराने बोलतो.

'सेवा', 'त्याग', 'माता' हे शब्द हॉस्पिटलवाल्यांना फार सोयीचे पडतात. मातेला ओव्हरटाइम कोण देतं? जॉइन होताना ओरिजिनल सर्टिफिकेटं काढून घेतली, दोन वर्षांचा बाँड. एका नाइटला बावीस पेशंट, दोघी जणी, त्यातली एक शिकाऊ. जनरल वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स असावी हे इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण, शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तर तिनामागे एक. कागदावर.

पगाराचं ऐका. २०१६ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. तिने सांगितलं, २०० खाटांच्या वरच्या खाजगी हॉस्पिटलांनी सरकारी नर्सइतका पगार द्यावा, आणि ५०च्या खालच्यांनीही २०,००० पेक्षा कमी देऊ नये. आजूबाजूच्या नर्सिंग होममध्ये जाऊन विचारा काय मिळतं ते.

आणि संप केला की हेच लोक म्हणतात, नर्सला शोभतं का? २०२२ला सरकारी नर्सेसनी कंत्राटी भरतीच्या विरोधात काम बंद केलं तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काय काय फॉरवर्ड आले होते! भाचीला मूल्यं जरूर सांगा, पण हे पण सांगा.

नाइटड्युटी

ऐरोलीकर, अगदी. वहिनींना सांगा, सर्टिफिकेटं काढून ठेवायचा हक्क कुठल्याही हॉस्पिटलला नाही.

आणि मूल्यं वेगळी, पगार वेगळा असं नसतंच. मागच्या नोकरीत तपासणीला टीम येणार म्हणून आम्हाला आठवड्याभराचे कोरे चार्ट भरायला बसवलं. टेंपरेचर ९८.४, ९८.६, पल्स ७८, ८०, असं एकीने सांगायचं आणि बाकीच्यांनी लिहायचं. मी म्हटलं, जे मी घेतलं नाही ते माझ्या सहीने लिहिणार नाही. पुढे मला लागोपाठ नाइट लागल्या आणि मी सोडलं. पण चार्ट कोरे का होते? माणसंच नव्हती घ्यायला. बावीस पेशंटचं चार-चार तासांनी खरंखुरं मोजायचं तर दुसरं काम होणार नाही. माणसं कमी ठेवा, मग खोटं लिहायला लावा, मग नैतिकतेवर सेमिनार घ्या.

जुनी_मेट्रन

संपाबद्दल. मी दोन्ही बाजूंना होते, आधी गेटवर आणि नंतर ऑफिसात. आयसीयू, कॅज्युअल्टी, प्रसूती सोडून संप करायचा हा आमचा दंडक होता आणि तो पाळला जायचा. पुरेशी माणसं मागणं ही रुग्णाच्याच बाजूची मागणी आहे. एवढं मी तेव्हा मंत्रालयातही बोलले होते, खुर्ची मिळाली नव्हती तरी.

अर्धवट

एरवी मी फाजीलपणा करतो, पण २६/११च्या रात्रीचं राहिलं. कामा हॉस्पिटलात अंजली कुलथे ड्युटीवर होत्या. दोन अतिरेकी आवारात शिरले, गोळ्या चालल्यायत. त्यांनी वॉर्डाचं दार लावलं, वीस गरोदर बायकांना एका छोट्या पँट्रीत नेलं, दिवे बंद. त्यात एकीला कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या कडेकडेने जिन्याने लेबर रूमला नेलं. पुढे कसाबला ओळखायला आणि साक्षीला उभ्या राहिल्या, आणि २०२२ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे हे सांगितलं. ऑर्डर द्यायला तिथे कोण होतं, डॉ. कोपरी?

डॉ_कोपरी

बरं बाबा, कॅप्टन मागे घेतो. सहकॅप्टन चालेल?

तलावपाळी

रविवारचं जेवण झालं. वृत्तांत.

रमाबाई रानड्यांवर भावोजी म्हणाले, "ते समाजकारण होतं." स्कुटारीच्या आकड्यांवर जरा सावरून बसले, ४२ वरून २ म्हणजे नक्की गटारांमुळे की ऋतूमुळे, असं विचारलं. (पारसिक, यावर काही आहे का? त्यांना उत्तर हवंय.) तीस एमएलची गोष्ट भाचीने स्वतः वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, भात मागितला.

मग ताईने विचारलं, तिला म्हणजे भाचीला, की आजोबांचं बघताना घाण नाही वाटली? ती म्हणाली, वाटली, पण सिस्टरने हँडग्लोव्हज घालून मला शेजारी उभं केलं आणि काय बघायचं ते सांगितलं, मग नाही वाटली.

भावोजी अजून 'हो' म्हणालेले नाहीत. पण फॉर्मच्या तारखा स्वतः काढून ठेवल्यात, एक्सेलमध्ये. त्यांचे दोन प्रश्न: कॉलेज बरं की नाही हे कशावरून ओळखायचं, आणि मुलीला नाइट कधीपासून लागते?

जुनी_मेट्रन

पहिलं: कॉलेजला स्वतःचं चालतं हॉस्पिटल आहे का ते प्रत्यक्ष जाऊन बघा. ओपीडीच्या वेळी जा, खाटा मोजा आणि त्यांवर रुग्ण आहेत का बघा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची संलग्नता आणि कौन्सिलची मान्यता त्या वर्षाची आहे का तपासा, जुना कागद फ्रेम करून लावलेला असतो. मग गेटवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली गाठा आणि विचारा, वॉर्डात तुमच्याबरोबर ट्यूटर येतात की नुसतं सोडून देतात? मुली खरं सांगतात.

दुसरं: शिकताना नाइट असते, पण पहिल्याच वर्षी एकटीला ठेवत नाहीत. भावोजींना सांगा, पहिल्या नाइटला सोडायला या, मीही तशीच गेले होते, वडील सायकलवरून आले होते.

पारसिक

ऋतूचा प्रश्न चांगला आहे, भावोजींना हे आवडेल. हिवाळा सरणं, नवीन भरती कमी होणं याचाही वाटा असणारच, आणि कारणं किती कोणती यावर इतिहासकार आजही भांडतात. नाइटिंगेलला स्वतःलाही सुरुवातीला अन्न आणि रसद हेच मुख्य वाटत होतं. घरी परतून फारबरोबर आकडे लावल्यावर तिचं मत घाण आणि कोंदट हवेकडे वळलं. वेगळा धागा काढतो, त्यांना आयडी घ्यायला सांगा.